स्टोव्ह ब्राइटचा काळा स्प्रे: रंग मारून होतो पटकन, पण पहिले तीन जाळ निवांत करा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांची सोय होईल. लाकूड जाळून घर तापवायच्या स्टोव्हला मारायचा स्टोव्ह ब्राइटचा हाय टेम्परेचर स्प्रे पेंट चांगला आहे, घ्या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. पण रंग मारला की काम झालं असं समजून त्याच संध्याकाळी दणकून जाळ करणार असाल आणि समोर पाहुणे बसवणार असाल, तर प्लीज घेऊ नका, हाच काय कुठलाच घेऊ नका. कॅनमधून जे बाहेर येतं तो अर्धा कच्चा रंग असतो, तो पक्का होतो नंतरच्या पहिल्या काही जाळांत, आणि तेवढ्या वेळात घरात जो धूर आणि वास सुटतो त्याबद्दल दुकानात कोणी धड सांगत नाही. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही अमेरिकेत व्हरमाँटमधे राहतो, गावाच्या थोडं बाहेर. इथे लाकडाचा स्टोव्ह ही काही नुसती हौस नाही, बर्फाच्या वादळात लाईट गेली की फर्नेसचा पंखा बंद, म्हणजे हीटिंगच बंद, मग बाहेर उणे वीस असताना तोच एक आधार उरतो. आमचा स्टोव्ह सेकंडहँड, योटुलचा, ही नॉर्वेची जुनी कंपनी, स्वतःचा इतिहास १८५३ पासून सांगते, आणि त्यांचं अमेरिकेतलं ऑफिस मेन राज्यात गोरॅमला आहे त्यामुळे आमच्या भागात पार्ट आणि मॅन्युअल सहज मिळतं. आख्खा बिडाचा, उचलायला माणसं लागतात. आतून ठणठणीत पण वरून पार अवतार झालेला, आधीच्या लोकांनी वर किटली ठेवून ठेवून पाण्याचे गोल गंजाचे डाग पाडलेले आणि दारापाशी रंगाचे पोपडे निघालेले. तर तो रंगवायचा होता.

एक गोष्ट आधीच, तुमचा स्टोव्ह इनॅमलचा म्हणजे तो चकचकीत काचेसारखा थर असलेला असेल तर हा रंग त्यावर मारू नका, धरणार नाही. हा साध्या मॅट काळ्या बिडासाठी नाहीतर पोलादी पत्र्याच्या स्टोव्हसाठी आहे. आणि फिनिश पण मॅटच येतं, ज्यांना पियानोसारखी चकाकी हवी असेल ते निराश होतील, मला तर मॅटच आवडतं, धूळ दिसते पण बोटांचे ठसे दिसत नाहीत.

हा पेंट ओरेगनमधल्या युजीनची फॉरेस्ट नावाची कंपनी बनवते. सिलिकॉन रेझिनवाला रंग आहे, १२०० फॅरनहाइटपर्यंत म्हणजे साधारण ६५० सेल्सियसपर्यंत टिकतो असं कॅनवर लिहिलंय, आणि घरातला स्टोव्ह नीट चालवला तर त्याचा वरचा भाग त्याच्या निम्म्यालाही क्वचित जातो, त्यामुळे तिकडून काळजी नाही. काळ्यातच दोन-चार प्रकार, शिवाय हिरवा, तपकिरी वगैरे पण मिळतात. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मला दिसला नाही, स्टोव्हच्या दुकानात मिळाला. साधारण वीसेक डॉलरला कॅन पडला आणि मध्यम आकाराच्या स्टोव्हला एक कॅन होतो, पण दुसरा जवळ असू द्या, अर्ध्यात संपला तर सगळी मजा जाते.

तयारीबद्दल थोडक्यात. गंज तारेच्या ब्रशने आणि मग स्टील वूलने काढायचा, बाहेर अंगणात, मास्क लावून. फार जुना स्टोव्ह असेल आणि दाराची दोरी म्हणजे गॅस्केट मूळचं असेल तर ते कोरडं खरवडू नका, जुन्या दोऱ्यांमधे ॲस्बेस्टॉस असू शकतो, ते माहितगार माणसाकडून काढून घ्या. मग पुसायला ॲसिटोन. टर्पेंटाइन, मिनरल स्पिरिट असलं तेलकट काही नको कारण मागे राहिलेला तेलाचा थर गरम झाला की वरचा रंग सोडतो. साधा प्रायमर पण नको, तो जळून जातो आणि वरचा रंग घेऊन जातो. आणि स्टोव्ह पूर्ण गार हवा हे सांगायला नको, पण सांगते, स्प्रेमधलं सॉल्व्हंट आणि गॅस दोन्ही पेट घेणारे असतात.

रंग मारताना दहा-बारा इंच लांबून, पातळ, हात हलता ठेवून. दोन पातळ हात पुरे. इथे आपला देशी स्वभाव आडवा येतो, कॅन संपेपर्यंत मारायचा, पैसे वसूल! जाड थर दिलात तर वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतलं सॉल्व्हंट अडकतं आणि गरम झाल्यावर फोड येतात. मारल्यावर अर्ध्या तासात हाताला सुका लागतो त्यावर जाऊ नका, मी तर रात्रभर तसाच ठेवला आणि कॅन उचलून बेसमेंटमधे नेऊन ठेवले, जाळाच्या आसपास स्प्रेचा कॅन म्हणजे बॉम्बच की.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी सकाळी स्टोव्ह बघितला आणि म्हणाल्या, "अगं बीड आहे ना, मग तेलाचा हात नको का द्यायला? तव्याला देतो तसा?" प्रश्न अगदी बरोबर होता, कारण धातू तोच. पण तव्यावर तेल जळून त्याचाच थर बनवायचा असतो, इथे थर रंगाचा आहे, त्यावर तेल लावलं तर नुसता धूर होईल आणि डाग पडतील. मी म्हटलं, "आई, ह्याला काहीच लावायचं नाही, फडका पण नाही." त्यांना ते पटलं नाही, पण बोलल्या नाहीत काही.

आता मुख्य भाग.

ज्यांनी आम्हाला स्टोव्ह विकला त्या दुकानातल्या माणसाचा सल्ला असा होता की पहिल्याच दिवशी लाकडं ठासून भरा, मोठा जाळ करा, एकदाच काय तो वास येईल आणि विषय संपेल. हे ऐकू नका. ओळखीतल्या चिमणी साफ करणाऱ्यालाही विचारलं (त्याला आधी बोलावून धुराडं साफ करून, तपासून घेतलंच होतं, ते न करता कुठलाच जाळ नको) तर त्याने कपाळालाच हात लावला. कारणं दोन आहेत आणि दोन्ही वेगळी आहेत. एक, रंग. सिलिकॉनचा रंग गरम होताना आधी मऊ पडतो, मग त्यातले सेंद्रिय भाग जळून बाहेर जातात आणि मग तो कडक होतो, हे सगळं एकदम झालं तर फोड आणि पोपडे. दुसरं, बीड स्वतः. बिडाचा स्टोव्ह म्हणजे वेगवेगळ्या प्लेटा, मधे सांध्यात फर्नेस सिमेंट आणि बोल्ट. सांध्यात ओल असते, सिमेंट नवीन लावलं असेल तर अजूनच, ती हळूहळू जायला पाहिजे, आणि प्लेटा प्रसरण पावून एकमेकींशी जुळवून घ्यायला हव्यात. एकदम तापवलं तर सिमेंट फुगून फुटतं, नाहीतर सरळ बिडालाच तडा जातो. बीड ठिसूळ, तडा गेला की गेला.

योटुलच्या मॅन्युअलमधे यासाठी तीन जाळ दिलेत. पहिला २०० फॅरनहाइटपर्यंत (साधारण ९३ सेल्सियस), तासभर, मग पूर्ण गार. दुसरा ३०० पर्यंत (१४९), परत तासभर, परत पूर्ण गार. तिसरा हळूहळू चढवत ४०० पर्यंत (२०४). पूर्ण गार म्हणजे हात लावला तर खोलीइतका, कोमट नाही. बीड उष्णता धरून ठेवतं त्यामुळे गार व्हायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा हे एका दुपारचं काम नाही, आख्खा वीकेंड मोकळा ठेवा.

आणि इथे एक गोंधळ आहे जो मला कुठेच लिहिलेला सापडला नाही. रंगाच्या हिशोबाने टप्पे वेगळे असतात, तिथे साधारण २५०, मग ४५०, मग ६०० च्या आसपास असं चढवायला सांगतात, मधे गार करत. म्हणजे बिडाचे तीन जाळ संपले तरी रंग पूर्ण पिकलेला नसतो! मग कुणाचं ऐकायचं? माझं मत, आधी बिडाचं ऐका. रंग खराब झाला तर परत वीस डॉलरचा कॅन, प्लेट तडकली तर स्टोव्ह भंगारात. २००, ३००, ४०० नीट होऊ द्या, आणि त्यानंतरच्या एखाद्या जाळात, खिडक्या परत उघड्या ठेवून, तुमच्या मॅन्युअलमधे जी वरची मर्यादा दिली असेल तिच्या आत राहून हळूहळू वर न्या. पोलादी पत्र्याचा स्टोव्ह असेल तर रंगाचेच टप्पे धरले तरी चालतं, पत्रा बिडासारखा तडकत नाही. शेवटी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काय म्हणतंय ते आधी वाचा, माझं नंतर.

तापमान मोजायला लोक चुंबकवाला थर्मामीटर वर चिकटवतात. नव्या रंगावर तो लावू नका, सांगितलं ना रंग मधे मऊ पडतो, त्या गोल तबकडीचा ठसा कायमचा उमटेल. इन्फ्रारेडची गन घ्या, ती मॅट काळ्यावर नीट वाचते, नंतर डोश्याचा तवा बघायला पण उपयोगी पडते. त्याच कारणाने वर किटली नको, भांडं नको, आणि कुणाला बोट लावून बघू देऊ नका. मुलं असतील तर हे शेवटचं वाक्य मोठ्याने वाचा.

पहिला जाळ खरंच चिमुकला असतो, बघून हसू येतं. कागद, देवदारूच्या काड्या, वर चार ढलप्या, बस्स. ओंडका टाकायचा मोह होतो पण २०० फॅरनहाइटला एवढंच लागतं, उलट तेवढ्यावरच थांबवणं अवघड जातं. लाकूड कोरडं हवं, ओल २० टक्क्यांच्या खाली, मीटर मिळतो त्याच्या दोन टाचण्या नव्याने फोडलेल्या बाजूत खुपसायच्या, वरून बघून कळत नाही. आणि दार अगदी बोटभर उघडं ठेवायचं, नाहीतर मऊ पडलेल्या रंगाला गॅस्केटची दोरी चिकटते आणि दार उघडताना दोरीही निघते नि रंगही. अर्थात दार उघडं असताना समोरून उठायचं नाही, एक ठिणगी गालिच्यावर पडायला वेळ लागत नाही. नवरोबांना ही ड्यूटी दिली, त्यांनी आनंदाने घेतली कारण त्या निमित्ताने बसून क्रिकेट बघता आलं.

साधारण १५०-२०० च्या दरम्यान वास सुरू झाला. गोडसर, प्लास्टिक जळल्यासारखा, डोळ्यांना जरा चुरचुरतं. मग वरच्या प्लेटवरून बारीक निळसर धूर निघायला लागतो, आतून नाही, स्टोव्हच्या अंगावरून! माहीत नसेल तर माणूस घाबरून पाणीच ओतेल, आणि तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे तडा नक्की. तो धूर नॉर्मल आहे. पण नॉर्मल म्हणजे हुंगायला चांगला असं नाही, ते सॉल्व्हंट आणि रेझिनचे जळके अंश असतात. म्हणून लहान बाळ, गरोदर बाई, दमेकरी, वयस्कर माणसं, सगळ्यांची रवानगी बाहेर. पक्षी पाळला असेल तर तो सगळ्यात आधी बाहेर, पक्ष्यांची फुफ्फुसं असल्या वाफांना फारच नाजूक असतात. सासूबाईंना आम्ही मैत्रिणीकडे सोडलं, तिथे त्यांनी दिवसभर चकल्या केल्या, दोघीही खूश.

खिडक्यांबद्दल एक बारकावा. नुसती खिडकी उघडून किचनचा एक्झॉस्ट फॅन लावला की झालं असं वाटतं, पण तो फॅन घरातली हवा ओढून बाहेर टाकतो, घरात ओढ तयार होते आणि धुराडं उलटं वाहायला लागू शकतं, म्हणजे जळणाचा धूर घरात. छोट्या जाळात धुराड्याची ओढ मुळातच कमी असते त्यामुळे हा धोका जास्त. एक्झॉस्ट बंद ठेवा, समोरासमोरच्या दोन-तीन खिडक्या उघडा आणि टेबलफॅन लावायचाच तर बाहेरची हवा आत ढकलेल असा लावा. स्टोव्हला स्वतःचा ब्लोअर असेल तर तो या जाळात बंद.

स्मोक अलार्म वाजेल, जवळजवळ खात्रीच धरा. त्याची बॅटरी काढून टाकू नका, खिडकी अजून उघडा आणि त्याच्याखाली वर्तमानपत्राने वारा घाला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र रंगाच्या वासाने वाजायला नको. तो वाजला तर ‘नवीन रंग आहे ना’ असं म्हणत बसायचं नाही, सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं आणि ९११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन करायचा. हा फरक घरातल्या सगळ्यांना माहीत हवा, कारण दोन्ही आवाज कर्कश्शच असतात.

दुसऱ्या जाळाला वास परत आला, तिसऱ्याला परत. यात रंग खराब आहे असं काही नाही. रंग जितका तापला तितकाच पिकतो, पुढच्या वेळी त्याच्यावर गेलात की उरलेलं बाहेर पडतं. म्हणूनच एखाद्या वर्षी थंडीच्या पहिल्या लाटेत जरा जास्त लाकूड घातलं आणि अचानक वास आला तर दचकू नका. पाय, मागची बाजू, खालचा भाग हे वरच्या प्लेटइतके कधीच तापत नाहीत, तिथला वास हळूहळू बऱ्याच जाळांनी जातो, पण तो इतका हलका असतो की पाहुण्यांना कळतही नाही. धुराड्याचा काळा पाइप नवीन असेल तर त्याचाही वास वेगळा येतो, तो स्टोव्हच्या खात्यात धरू नका.

दाराच्या काचेवर आतून-बाहेरून धुरकट थर बसतो. तो प्रत्येक जाळानंतर काच पूर्ण गार झाली की ओल्या कागदाने पुसून घ्या, ठेवलात तर पुढच्या जाळात भाजून पक्का होतो आणि मग घासत बसा. काच पुसा, रंग नाही!

रिझल्ट विचाराल तर मस्त. एकसारखा गर्द करडा-काळा, गंजाचे डाग कुठे होते ते मलाही सांगता येणार नाही, फोड एकही नाही. बिडावरची पानाफुलांची नक्षी पण बुजली नाही, पातळ हाताचा हाच फायदा. मग अर्धा स्टार का कापला? कारण मॅट काळ्यावर पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग राहतो आणि तो जात नाही, वर थोडा रंग मारावा लागतो. हे या जातीच्या सगळ्याच रंगांचं आहे, पण स्टार द्यायचे तर मी वापरलेल्यालाच देणार ना.

स्टोव्ह पॉलिशची पेस्ट हा दुसरा पर्याय, ग्राफाइटवाली, बुटाच्या पॉलिशसारखी घासायची. दिसते छान, पण दर वर्षी करा, हात काळे करा, आणि एकदा ती लावली की त्यावर हा रंग बसत नाही, सगळी काढावी लागते. ज्यांना दर सीझनला तासभर घासायची आवड आहे त्यांनी जरूर करा, मला नाही.

सगळ्यात महत्त्वाची टीप वेळेची. हे काम सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमधेच उरका, पानं रंगायला लागली की लगेच. तेव्हा दिवसा खिडक्या उघड्या टाकता येतात, रंग मारायला लागणारी ऊब पण बाहेर असते (६० फॅरनहाइटच्या खाली स्प्रे नीट बसत नाही), आणि जाळ करायला रात्रीचा गारवाही असतो. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आत सगळ्या खिडक्या सताड, हे कुणालाही जमणार नाही, मग लोक खिडक्या लावून घेतात आणि तो वास पिऊन डोकं धरून बसतात. आमचं दिवाळीच्या आधी झालं त्यामुळे फराळाला मंडळी आली तेव्हा स्टोव्हसमोरच बसली, कुणी नाक मुरडलं नाही.

उरलेला कॅन टाकू नका. उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा म्हणजे नोझल साफ राहतं, आणि पुढच्या सीझनला छोट्या डागांसाठी उपयोगी येतो. तेवढ्याशा डागाला पण परत वास येतोच, तेव्हा त्या दिवशी खिडकी उघडी ठेवा आणि जाळ लहान.

कुणाला सिमला-मनालीकडच्या पत्र्याच्या तंदूरवर (रोटीचा नव्हे, खोली तापवायचा) हा मारून बघायचा असेल तर थर आणि टप्पे तेच धरा, पण तो पत्रा पातळ असतो, भसकन तापतो, तेव्हा ढलप्या अजूनच कमी. भारतात हा ब्रँड मिळतो का ते तिकडच्या कुणीतरी कॉमेंटमधे सांगा.